कंपनी फिटेड अलार्म आणि चिपवाली चावी: दोन गाड्या वापरून झालेला माझा रिव्ह्यू

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. चावीतल्या चिपला माझे पाचपैकी पाच, सायरनला तीन, आणि चावी खिशात ठेवून नुसतं हँडल ओढून दार उघडायची जी कीलेस सोय आहे तिला दोन. का ते खाली सविस्तर लिहितो, कारण गाडी घेताना शोरूममध्ये या तिन्ही गोष्टी "सिक्युरिटी सिस्टीम आहे सर" या एका वाक्यात गुंडाळून सांगतात आणि आपणही मान हलवून पुढे जातो.

आमच्याकडे दोन गाड्या आहेत. एक जुनी, सेकंड हँड घेतलेली, चावी फिरवून चालू करायची, ती आमच्याकडे येऊन नऊ वर्षं झाली. दुसरी पुश बटनाची, तिला आता तीन वर्षं होतील. दोन्हीला जी सिस्टीम आहे ती कारखान्यातूनच बसून आलेली, बाहेरून एक वायरसुद्धा जोडलेली नाही. कंपन्यांची नावं लिहीत नाहीये कारण आतलं तंत्र जवळपास सगळीकडे सारखंच असतं, आणि मला बोलायचंय ते त्या तंत्राबद्दल.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी. अलार्म आणि इमोबिलायझर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अलार्मचं काम ओरडणं, इमोबिलायझरचं काम इंजिन चालू न होऊ देणं, आणि चावीतली चिप याचाच भाग. अलार्म बंद पडला तरी इमोबिलायझर चालू असतो, आणि कितीतरी गाड्यांना इमोबिलायझर असतो पण अलार्म नसतोच. डॅशबोर्डवर जो छोटा लाल दिवा लुकलुकत असतो तो बघून लोक म्हणतात अलार्म आहे, पण तो बऱ्याच गाड्यांमध्ये फक्त इमोबिलायझरचा असतो. माझ्या मेव्हण्याने चार वर्षं त्याच्या गाडीला अलार्म आहे असं समजून गाडी वापरली, मग एकदा मी त्याला म्हटलं काच खाली ठेवून लॉक कर, एक मिनिट थांब आणि आतून हात घालून दार उघड. उघडलं, काहीच वाजलं नाही. तुम्हीही करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे आणि आपल्याकडे नक्की काय आहे ते कळतं.

आता अलार्मचं, कारण त्यानेच आम्हाला सगळ्यात जास्त छळलंय. जुनी गाडी एका रात्री पावणेतीनला वाजायला लागली. खाली गेलो, दारं बंद, काचा बंद, आसपास कोणी नाही. रिमोटने बंद केली, परत लॉक केली, वर आलो, वीस मिनिटांनी परत. दुसऱ्या रात्रीही तेच, तिसऱ्या रात्री शेजारचे काका गॅलरीत येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत पण मला फार कसंतरी झालं, त्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं होतं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं बॅटरी कमजोर आहे, बॅटरी बदलली, दोन दिवस बरं चाललं आणि परत सुरू. मग त्यांच्याकडेच एक जुने इलेक्ट्रिशियन होते ते म्हणाले गाडी माझ्याकडे लावा. त्यांनी स्कॅनर जोडला आणि अलार्मच्या मॉड्यूलमध्ये शेवटचे अलार्म कशामुळे वाजले ते उघडून दाखवलं. सगळ्या ओळींत एकच कारण, बॉनेट. बॉनेटच्या लॅचपाशी करंगळीएवढा एक स्विच असतो, बॉनेट बंद केलं की तो दाबला जातो. त्यात धूळ आणि चिखल जाऊन त्याची दांडी अर्धवट अडकत होती. त्यांनी बोटाने दांडी हलकेच हलवली आणि स्क्रीनवर बॉनेट उघडं, बंद, उघडं, बंद असं नाचायला लागलं. रात्री गारवा आणि दमट हवा आली की आतला कॉन्टॅक्ट सुटायचा आणि गाडीला वाटायचं कोणीतरी बॉनेट उघडलं. नवीन स्विच बसवला, त्या दिवसापासून आजपर्यंत एकदाही विनाकारण वाजली नाही.

म्हणून ज्यांची गाडी रात्री-अपरात्री ओरडते त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी बॅटरी बदलू नका, आधी कारण वाचून घ्या. बऱ्याच गाड्या ती नोंद ठेवतात, फक्त विचारावं लागतं, कारण स्वतःहून कोणी सांगत नाही.

अलार्म बघतो काय, तर मुळात स्विच. चार दारं, बॉनेट, डिकी, काही गाड्यांत इग्निशनसुद्धा. लॉक केल्यावर यातलं काही रिमोटशिवाय उघडलं की सायरन. याला पेरिमीटर अलार्म म्हणतात, म्हणजे गाडीचं कुंपण. काच फोडून कोणी हात घातला आणि दार न उघडता सीटवरची बॅग उचलली तर नुसत्या कुंपणवाल्या अलार्मला पत्ताच लागत नाही, कारण एकही स्विच हललेला नसतो. त्यासाठी आतला सेन्सर लागतो. आमच्या नवीन गाडीत तो आहे, छतातल्या दिव्याच्या शेजारी दोन छोट्या जाळ्या दिसतात, एकातून साधारण ४० किलोहर्ट्झचा आवाज निघतो जो आपल्याला ऐकू येत नाही आणि दुसरीतून त्याचा परत आलेला आवाज ऐकला जातो. आत काही हललं की परत येणारा आवाज बदलतो. मी काच खाली ठेवून लॉक केली, दीड मिनिट थांबलो आणि फक्त हात आत घातला, कोपरापर्यंतही नाही, लगेच वाजली. हे मला फार आवडलं.

पण याच सेन्सरला वारा कळत नाही आणि चोरही कळत नाही, त्याला फक्त हालचाल कळते. काच बोटभर उघडी राहिली आणि बाहेर वारा असला की वाजणार. आरशाला लटकवलेलं काहीही डुलत असेल तर वाजू शकतं. जाळीवर कोळी बसला तरी वाजतं, ही ऐकीव गोष्ट नाही, सर्व्हिसवाल्यांनी जाळीजवळचं जाळं काढून दाखवलंय. गाडीत कुत्रं किंवा माणूस ठेवून लॉक करायचं असेल तर हा सेन्सर तेवढ्यापुरता बंद करायचं बटण किंवा सेटिंग असतं, मॅन्युअलमध्ये शोधा, प्रत्येक गाडीत वेगळ्या जागी आहे. आमच्या गाडीत झुकाव ओळखणारा सेन्सर मात्र नाही, म्हणजे कोणी जॅक लावून चाक काढलं किंवा गाडीखाली शिरून सायलेन्सरचा भाग कापला तर ही शांतच बसणार. वरच्या मॉडेलमध्ये तो येतो. माझ्या मते हा सगळ्यांना द्यायला हवा होता, एवढ्याशा सेन्सरसाठी वरचं मॉडेल घ्यायला लावणं बरोबर नाही.

सायरनबद्दल एक टेस्ट केली ती सांगतो. जुन्या गाडीत वेगळा सायरन नाहीच, गाडीचाच हॉर्न वाजतो, आणि हॉर्न मुख्य बॅटरीवर चालतो. लॉक करून बॉनेट उघडलं, हॉर्न वाजायला लागला, मी बॅटरीचा मायनस काढला, खेळ खल्लास. आवाज बंद, दिवे बंद, सगळं बंद. नवीन गाडीत सायरन स्वतंत्र आहे आणि त्याच्या पोटात स्वतःचा छोटा सेल आहे. तिथे मायनस काढल्यावर सायरन उलट जास्तच पेटला, थांबेचना, टर्मिनल परत लावून रिमोटने अनलॉक केल्यावरच गप्प झाला. हीच खरी पद्धत. फक्त एक लक्षात ठेवा, तो आतला सेल काही वर्षांनी म्हातारा होतो, कधी फुटून गळतो आणि आतली सर्किटची पट्टी खातो, मग सायरन कारण नसताना वाजायला लागतो. जुनी, सायरनवाली गाडी असेल आणि बॉनेटचा स्विच ठीक असेल तर पुढचा संशय तिथे घ्या.

तरीही सायरनला तीनच गुण देतोय कारण कोणी बघायलाच येत नाही. आमच्या त्या तीन रात्रींत एकाही माणसाने खाली येऊन बघितलं नाही की कोण गाडी फोडतंय, सगळ्यांनी फक्त उशी कानावर घेतली असणार, आणि दुसऱ्याची गाडी वाजते तेव्हा मीही तेच करत आलोय. शिवाय कारखान्यातला सायरन एका वेळी साधारण अर्धा मिनिटच वाजतो, युरोपातल्या नियमात तर तशी मर्यादाच आहे.

आता ज्याला पाचपैकी पाच दिले ते. चावीच्या काळ्या डोक्यात तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी एक चिप असते. तिला स्वतःचा सेल नसतो. इग्निशनच्या कुलुपाभोवती तांब्याच्या तारेचं एक वेटोळं असतं, चावी घालून फिरवली की त्या वेटोळ्यातून १२५ किलोहर्ट्झच्या आसपासचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, चिप त्याच क्षेत्रातून वीज घेते आणि उत्तर देते. सुरुवातीच्या चिपा फक्त आपला नंबर सांगायच्या. नंतरच्या चिपांना गाडी दरवेळी एक नवीन आकडा टाकते आणि चिप आपल्या आत दडवलेल्या गुप्त किल्लीने त्याचं गणित सोडवून उत्तर पाठवते, उत्तर जुळलं तरच इंजिनचा कॉम्प्युटर इंधन आणि ठिणगी चालू ठेवतो. यात डोळ्याला काही दिसत नाही, सेकंदाच्या आत सगळं उरकतं.

हे डोळ्यांनी बघायचं म्हणून मी जुन्या गाडीची चिप नसलेली साधी चावी कापून घेतली, नुसतं लोखंड. दार उघडलं, पण रिमोटने लॉक केलेलं असल्यामुळे लगेच हॉर्न सुरू झाला, बरोबर आहे. मग इग्निशनला लावून फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिनने एक क्षण पकडलं, घुर्र केलं आणि मेलं. परत फिरवली, परत तसंच, डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह भराभर लुकलुकत होतं. नंतर मी खरी, चिपवाली चावी हातात घेऊन तिचं डोकं त्या साध्या चावीच्या डोक्याला चिकटवून धरलं आणि फिरवली, इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं आणि चालूच राहिलं. खरी चावी एका वितीवर नेली, परत बंद. मुलगा शेजारी बसून बघत होता, त्याला एका मिनिटात कळलं की गाडीला लोखंड नको, डोकं पाहिजे. कोणाला इमोबिलायझर समजावून सांगायचा असेल तर याच्यापेक्षा सोपा मार्ग मला माहीत नाही. आणि हो, याच कारणाने एका कड्यात दोन गाड्यांच्या चिपवाल्या चाव्या ठेवू नका, दोन्ही चिपा एकदम बोलतात आणि गाडी कधीकधी गोंधळून चालू होत नाही.

ही कल्पना जुनी आहे. जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेटमध्ये चावीच्या पात्यातच एक रेझिस्टर बसवला होता, एकूण १५ वेगवेगळ्या किमतींचे, चुकीचा रेझिस्टर आला की गाडी काही मिनिटं दाद द्यायची नाही. १५ म्हणजे काहीच नाही, सगळे घेऊन बसलं तर कधीतरी जुळणारच, पण त्या काळात तेवढ्यानेही चोराचा वेळ जायचा. नंतर रेडिओवाल्या चिपा आल्या. युरोपियन युनियनने १९९८ पासून नवीन कारला इमोबिलायझर सक्तीचा केला, ऑस्ट्रेलियाने २००१ ला, कॅनडाने २००७ ला. नेदरलँड्सच्या आकडेवारीवर व्हॅन ऊर्स आणि व्होलार्ड या दोन अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला, त्यात या सक्तीमुळे १९९५ ते २००८ या काळात कारचोरी एकूण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली असं निघालं, आणि चोर जुन्या गाड्यांकडे वळले तो भाग धरूनसुद्धा. एवढ्याशा चिपने एवढं केलंय, हे वाचल्यावर मला त्या चावीबद्दल वेगळाच आदर वाटायला लागला.

आणि चिप नसली तर काय होतं ते अमेरिकेत दिसलं. तिथे सक्ती नव्हती. ह्युंदाई आणि कियाच्या साधारण २०११ ते २०२१-२२ दरम्यानच्या, चावी फिरवून चालू करायच्या बऱ्याच गाड्यांना तिथे इमोबिलायझर दिलाच नव्हता. २०१५ साली या दोन कंपन्यांच्या फक्त २६ टक्के मॉडेलांत तो मुळातूनच येत होता, बाकी कंपन्यांच्या ९६ टक्के मॉडेलांत. २०२१-२२ मध्ये पोरांनी सोशल मीडियावर या गाड्या चोरण्याचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली आणि चोऱ्यांचा पूर आला. काही विमा कंपन्या त्या गाड्यांचा विमा काढायला नको म्हणायला लागल्या, लोकांचे जीव गेले कारण चोरलेल्या गाड्या पोरं बेफाम चालवत होती. २०२३ मध्ये कंपन्यांनी सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी फुकट सॉफ्टवेअर अपडेट काढला, त्यात अलार्म ३० सेकंदांऐवजी एक मिनिट वाजतो आणि लॉक केलेली गाडी चावीशिवाय चालू होत नाही. त्याच कंपन्यांच्या गाड्या कॅनडात आणि युरोपात इमोबिलायझरसह विकल्या जात होत्या, कारण तिथे कायदा होता. मला याचा मनापासून राग येतो.

चिपला पाच दिले म्हणजे ती फोडता येतच नाही असं नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एका जुन्या चिपची गुप्त किल्ली ४० बिटांचीच होती, २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटी आणि आरएसए लॅबच्या लोकांनी ती फोडून दाखवली. मेगामॉस नावाच्या दुसऱ्या एका चिपमधल्या उणिवा संशोधकांनी शोधल्या तेव्हा २०१३ मध्ये इंग्लंडच्या कोर्टाने तो पेपर छापायला मनाई केली, तो शेवटी २०१५ मध्ये बाहेर आला. नंतरच्या बऱ्याच चाव्यांत १२८ बिटांच्या, म्हणजे खूप लांब किल्लीची एईएस नावाची पद्धत वापरायला लागले. पण रस्त्यावरचा चोर गणित सोडवत बसत नाही, तो गणिताला वळसा घालतो, आणि तिथेच कीलेसचा विषय येतो.

त्याआधी एक काम जे मी जुन्या गाडीसाठी केलं आणि प्रत्येक सेकंड हँड घेणाऱ्याने करावं. गाडीच्या मेमरीत किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते स्कॅनरवर दिसतं. गाडी घेतली तेव्हा आम्हाला दोन चाव्या मिळाल्या होत्या, मालक म्हणाला दोनच आहेत. सहा महिन्यांनी मी सर्व्हिस सेंटरवर सहज विचारलं तर स्क्रीनवर आकडा आला तीन. अंगावर काटा आला. तिसरी चावी कुठे होती, कोणाकडे होती, कोणास ठाऊक, कदाचित आधीच्या मालकाच्या कुठल्या ड्रॉवरमध्ये पडलेली असेल, त्याच्याबद्दल मला काही वाईट म्हणायचं नाहीये. सर्व्हिसवाल्यांनी मेमरीतल्या सगळ्या चाव्या पुसल्या आणि आमच्या दोन नव्याने शिकवल्या. यासाठी दोन्ही चाव्या सोबत न्याव्या लागतात, घरी राहिलेली चावीसुद्धा पुसली जाते. आता तिसरी चावी कुलूप उघडेल पण इंजिन एक क्षण घुरघुरून बंद पडेल.

रिमोटचं थोडक्यात. लॉक-अनलॉकचं बटण हे वेगळं खातं आहे, त्याचा चिपशी संबंध नाही, ते सेलवर चालतं आणि बऱ्याच देशांत ४३३ मेगाहर्ट्झवर, अमेरिका आणि जपानकडे ३१५ वर. दरवेळी कोड बदलतो म्हणून कोणी रेकॉर्ड करून तोच परत वाजवला तर चालत नाही. गाडीपासून लांब असताना लहान मुलं खेळता खेळता खूप वेळा बटण दाबतात आणि मग रिमोट चालेनासा होतो, कारण चावीचा आकडा गाडीच्या पुढे निघून जातो. कीलॉक नावाच्या जुन्या पद्धतीत १६ कोडांपर्यंतचं पुढे जाणं गाडी चालवून घेते, त्याच्या पुढे गेलं तर लागोपाठ दोनदा दाबल्यावर जुळवते. तेव्हा घाबरून लगेच सर्व्हिसला पळू नका, गाडीजवळ उभं राहून दोन-तीनदा दाबून बघा. आणि लॉक करताना पाठ फिरवून चालत चालत दाबू नका, इंडिकेटर लुकलुकलेला बघा, कोणी जवळपास जॅमर, म्हणजे सिग्नल अडवणारं यंत्र, लावला असेल तर तुमचं बटण गाडीपर्यंत पोचतच नाही.

आता कीलेस. नवीन गाडीत मी हँडलला हात लावतो, गाडी दारातल्या अँटेनातून कमी फ्रीक्वेन्सीचा हळू आवाजातला निरोप पाठवते, तो मीटर-दीड मीटरच जातो, चावी तो ऐकून जागी होते आणि रेडिओवरून उत्तर देते, दार उघडतं. चावीला ऐकू गेलं म्हणजे चावी जवळ आहे, असं गाडीने धरलेलं असतं. सगळी भानगड याच एका समजुतीत आहे. दोन माणसं, एक गाडीपाशी, एक तुमच्या घराच्या दाराबाहेर, हातात एकेक पेटी, गाडीचा निरोप पेटीने उचलून घरातल्या चावीपर्यंत नेला की चावी बिचारी इमानदारीत बरोबर उत्तर देते. कोड फोडायची गरजच नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांची दहा मॉडेलं तपासली होती, दहाच्या दहा अशी उघडली आणि चालू झाली. आणि एकदा चालू झाली की चावी दूर गेली तरी सुरक्षिततेसाठी इंजिन बंद करत नाहीत. आम्ही हे करून बघितलं, मी गाडी चालू करून बसलो आणि बायको चावी घेऊन वर घरात गेली. गाडीने टूं टूं केलं, स्क्रीनवर चावी सापडत नाही असं आलं, आणि इंजिन आरामात चालू राहिलं, मी पार्किंगमध्ये दोन फेऱ्याही मारल्या.

हे बघितल्यावर मी डबा शोधला. आधी एक पत्र्याचा डबा घेतला, चावी आत टाकली, झाकण लावलं, डबा हातात धरून दारापाशी गेलो, हँडल ओढलं, उघडलं. झाकण नीट घट्ट बसत नव्हतं एवढंच कारण. मग सिग्नल अडवणारं पाकीट घेतलं, ते चाललं, पण वर्षभराने घडीच्या जागी आतलं कापड झिजलं आणि परत दार उघडायला लागलं. पाकीट वापरत असाल तर महिन्यातून एकदा गाडीपाशी जाऊन हँडल ओढायचं, नुसतं पाकीट घेतलं म्हणून निवांत झोपू नका. शेवटी मी सेटिंगमध्ये जाऊन कीलेस बंदच करून टाकलं, आता बटण दाबून दार उघडतो, बायकोने पहिला आठवडा कुरकुर केली, आता तिलाही सवय झाली. बऱ्याच नव्या गाड्यांत चावीमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, चावी काही मिनिटं पडून राहिली की झोपते आणि कोणालाच उत्तर देत नाही, हा सोपा आणि चांगला उपाय आहे. त्याहून चांगला अल्ट्रा वाइडबँड, त्यात सिग्नल जायला-यायला किती वेळ लागला ते मोजून अंतर काढतात, पेटी मध्ये आली तर अंतर वाढलेलंच दिसतं. नवीन गाडी घेत असाल तर सनरूफच्या आधी हे विचारा. आमच्या गाडीत दोन्ही नाही, म्हणून दोन गुण.

त्या दोनातला एक गुण ज्यासाठी दिला ते सांगतो. एका संध्याकाळी चावीतला सेल संपला, स्क्रीनवर आधी काही इशारा आला नव्हता, हे कंपनीचं चुकलंच. बटण दाबलं, काही नाही. चावीच्या पोटात एक छोटं लोखंडी पातं लपवलेलं असतं, ते काढून दार उघडलं, सायरन सुरू. बायको म्हणाली बंद करा आधी ते. मला मॅन्युअलमधलं चित्र आठवत होतं, चावीची मागची बाजू स्टार्ट बटणाला टेकवून तसंच बटण दाबलं, सायरन थांबला, इंजिन चालू. सेल मेला तरी आतली ती बिनसेलची चिप जिवंत असते, बटणामागचं वेटोळं तिला वीज देतं, अगदी जुन्या गाडीतल्यासारखं. काही गाड्यांत ही जागा बटणावर नसते, कप ठेवायच्या खाचेत किंवा स्टिअरिंगच्या बाजूला असते, आजच बघून ठेवा. सेल बहुतेक सीआर२०३२ असतो, मी आता दर दोन वर्षांनी बदलतो.

एक नवीन प्रकार आहे ज्यापुढे चिप, पाकीट, कीलेस बंद करणं काहीच चालत नाही, म्हणून सांगतो. इयन टेबर हे स्वतः गाड्यांच्या सायबर सुरक्षेवर काम करणारे संशोधक, २०२२ मध्ये त्यांचीच टोयोटा आरएव्ही४ चोरीला गेली. त्याआधी कोणीतरी पुढचा बंपर आणि हेडलाइटची वायर ओढून ठेवलेली त्यांना दिसली होती, त्यांना वाटलं टवाळखोर पोरं असतील. पुढे २०२३ मध्ये त्यांनी आणि केन टिंडेल यांनी उलगडून सांगितलं की चोर हेडलाइटच्या वायरीतून गाडीच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये शिरतात आणि "चावी बरोबर आहे" असा खोटा निरोप टाकतात. चावी लागतच नाही. तेव्हा बंपर विनाकारण सैल दिसला तर दुर्लक्ष करू नका. मी नवीन गाडीला रात्री स्टिअरिंगवर लोखंडी दांडा लावतो, लावायला दहा सेकंद लागतात, आणि त्याला नेटवर्क नाही.

बाहेरून आणखी एक अलार्म बसवू का असं मला दोघातिघांनी विचारलं. कारखान्यातून आलेला असेल तर मी तरी बसवणार नाही. त्यासाठी चांगल्या वायरिंगला कट मारतात, टेपने गुंडाळतात, आणि पुढे तीच जागा रात्री पावणेतीनला त्रास देते, शिवाय वॉरंटीचा वाद वेगळा.

शेवटचं एक, जे मला गेल्या सर्व्हिसनंतर कळलं. त्यांनी गाडीचं सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि माझ्या सेटिंग मूळपदावर गेल्या, कीलेस परत चालू झालं होतं, कोणी सांगितलं नाही. पाच दिवसांनी सहज हँडलला हात लागला आणि दार उघडलं तेव्हा लक्षात आलं, म्हणजे पाच रात्री गाडी तशीच उभी होती. आता गाडी सर्व्हिसहून आली की चावी खिशात ठेवून आधी हँडल ओढून बघतो.